हा आजीचा सण आहे ना?

ताई,

नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही घरापासून फार लांब येऊन राहिलो, त्याला सात वर्षं झाली. मुलगी इथेच जन्मली, आता सहा वर्षांची आहे. सुरुवातीला मोठ्या सणाला घरी जाणं जमायचं. मग रजा, तिकिटं, मुलीची शाळा, काही ना काही आडवं येत गेलं. यंदाचं धरून सलग चौथं वर्ष. आई करायची तसंच सगळं इथे व्हावं म्हणून मी पहाटे चारला उठते, सगळं उरकून कामावर जाते, संध्याकाळी फोनवर घरच्यांना दाखवते आणि फोन ठेवला की रडते. नवरा म्हणतो, एवढा त्रास होत असेल तर करूच नकोस. आई म्हणते, तू नाहीस तर सणात काही राम नाही. वहिनी एकदा सहज बोलल्यासारखं बोलून गेली, "तुमचं बरं आहे, नुसतं बघायचं असतं." आणि मागच्या वर्षी मुलीने विचारलं, "आई, हा आजीचा सण आहे ना?" ते ऐकून मी हबकलेच. सगळं हट्टाने असंच करत राहू, की सोडून देऊ? आणि आईला काय सांगू?

– दूरची लेक

प्रिय 'दूरची लेक',

तुमच्या पत्रात तीन मोठ्यांची बोलणी आहेत आणि एका लहान मुलीचा प्रश्न आहे. मोठ्यांकडे नंतर वळू. आधी त्या प्रश्नाचं बघू, कारण मला वाटतं तिने अगदी नेमकं विचारलं.

तिच्या जागी बसून त्या दिवसाकडे बघा. आई अंधारात उठते. घाईत असते, म्हणून मधे आलेलं तिला खपत नाही. दिवसभर आई नसते. संध्याकाळी ती पुन्हा सगळं मांडते, केस सारखे करते, फोन कशाला तरी टेकवून उभा करते आणि हसून दाखवायला लागते. पलीकडून आजी बघते, छान म्हणते, मग म्हणते, "ते डावीकडे हवं होतं गं." आई म्हणते, "हो, पुढच्या वेळी." फोन बंद होतो आणि आई रडते. पाच-सहा वर्षांच्या मुलीला यातून काय कळणार? ज्याला दाखवायचा, ज्याच्याकडून पसंती घ्यायची, त्याचा सण. तिने सरळ हिशेब मांडला आणि तो बरोबर आला. त्यात तुमच्या संस्कारांची हार वगैरे काही नाही.

आता तुमच्या मुख्य प्रश्नाचं उत्तर, आडपडदा न ठेवता. हट्ट सोडा, सण सोडू नका. तुम्ही 'हट्टाने तसंच' आणि 'सोडून देणं' असे दोनच रस्ते समोर ठेवलेत. चौथ्या वर्षी दमलेल्या माणसाला दोनच दिसतात. मलाही तसेच दिसत होते आणि एका वर्षी मी दुसरा घेऊन पाहिला. घर सोडून मला तेव्हा पाच वर्षं झाली होती. ठरवून काहीच केलं नाही. दिवस इतर दिवसांसारखा गेला, मला वाटलं सुटले. रात्री झोपताना लक्षात आलं की दिवसभरात मी घरच्यांपैकी कोणाचंही नाव मनात येऊ दिलं नव्हतं, त्या खटपटीतच दमले होते. पहाटे चारला उठण्याइतकेच कष्ट पडले त्यालाही.

रडण्याबद्दल तुम्ही ओशाळून लिहिलंय. ओशाळू नका. 1688 साली स्वित्झर्लंडमधल्या बाझेल शहरात योहानेस होफर नावाच्या वैद्यकीच्या विद्यार्थ्याने याच दुखण्यावर प्रबंध लिहिला. त्याने त्याला नाव दिलं नॉस्टॅल्जिया. ग्रीक भाषेतले दोन शब्द त्यात जोडलेत, घरी परतणं आणि वेदना. त्याने नोंदवलेला एक रुग्ण बर्नहून बाझेलला शिकायला आलेला तरुण होता. तो इतका खंगला की जगायची आशा उरली नाही. शेवटी त्याला घरी न्यायचं ठरलं, आणि घर यायच्या आधी, वाटेतच तो सुधारायला लागला. या दोन गावांत अंतर ते केवढं, आजच्या मोजमापाने शंभरेक किलोमीटर. म्हणजे तुमचं जे होतंय ते तीन-साडेतीनशे वर्षांपूर्वी कोणाला तरी आजार म्हणून नोंदवावंसं वाटलं इतकं ते खरं आहे. आज त्याला आजार म्हणत नाहीत, आणि आठवण येऊन रडू फुटणं यात उपचार करण्यासारखं काही नाही. मात्र सण उलटून दोन-तीन आठवडे झाले तरी मळभ हटत नसेल, झोप-भूक बिघडली असेल, कशातच मन लागत नसेल, तर एखाद्या समुपदेशकाशी किंवा डॉक्टरांशी बोला. ते सणाच्या पलीकडचं असू शकतं.

पण संध्याकाळी फोन ठेवल्यावर तुम्ही नेमकं कशासाठी रडता, हे एकदा शांतपणे बघायला हवं. स्टीव्हन वोलिन हे मानसोपचारतज्ज्ञ आणि लिंडा बेनेट या मानववंशशास्त्रज्ञ, या दोघांनी 1984 साली कुटुंबातल्या रीतींचे तीन प्रकार सांगितले. पहिला, सगळा समाज मिळून करतो ते सण. दुसरा, त्या त्या घराच्या आपल्या अशा परंपरा; वाढदिवस कसे करायचे, वर्षातून एकदा सगळ्यांनी कुठे जमायचं. तिसरा प्रकार सगळ्यांत साधा, ज्याला आपण रीत म्हणतही नाही. कोण कुठे बसतं, कोण कोणाला हाक मारून उठवतं, पहिलं पान कोणाला.

पहिला प्रकार कुठेही नेता येतो. कॅलेंडरवर तारीख असते, काय करायचं ते ठाऊक असतं, सामान कुठून तरी जमवता येतं. दुसराही थोडाफार नेता येतो. तिसरा नेता येत नाही, कारण त्याला ती माणसं लागतात. बाबांचा चष्मा ऐन वेळी हरवणं. न्हाणीघरासाठी लागलेली रांग आणि आतल्याला बाहेरून मारलेल्या हाका. दर वर्षी सगळ्यांत उशिरा येऊन "अजून सुरूच नाही केलं का?" असं विचारणारी आत्या. यातलं काहीही तुम्ही पहाटे चारला उठून करू शकत नाही. तुम्ही दर वर्षी पहिल्या प्रकारात भर घालताय, आणखी नीट, आणखी पूर्ण, आणि भूक मात्र तिसऱ्याची आहे. म्हणून सगळं यथासांग होऊनही संध्याकाळी पोट रिकामंच.

आणि एक गोष्ट मला सांगितलीच पाहिजे, थोडी कडू लागेल. तुम्ही ज्याची नक्कल करताय ते तिथेही आता तसं राहिलेलं नाही. एका वर्षी सणाच्या दिवशी माझ्या भाचीने फोन हातात घेऊन मला सगळं घर फिरवून दाखवलं. फोन हलत होता, कधी छत, कधी कोणाचा तरी कान. मग बैठकीच्या खोलीतून जाताना मागची भिंत दिसली. हिरवी. माझ्या आठवणीत ती पिवळसर होती, कोपऱ्यात ओल आलेली, त्या ओलीचा आकार मी लहानपणी बोटाने गिरवायची. मी विचारलं, रंग कधी दिला? भाची म्हणाली, "कधीच दिला की, दोन वर्षं झाली." कोणी लपवलं नव्हतं. सांगण्यासारखी बातमी वाटली नव्हती, एवढंच. पण फोन ठेवल्यावर मी त्या भिंतीसाठी रडले. मी ज्या घरासारखं करायचा आटापिटा करत होते ते घर पिवळ्या भिंतीचं होतं, आणि ते माझ्याखेरीज कोणाकडेच उरलं नव्हतं.

यातून मला खूप उशिरा जे उमगलं तेच तुम्हाला सांगायचं आहे. तिथे असताना सण तुमच्यासाठी केला जायचा. तुम्ही मदत करत असाल, धावपळही करत असाल, तरी तो उभा करणारी आई होती आणि ज्यांच्यासाठी तो उभा राहायचा त्यांच्यात तुम्ही होतात. इथे तुमच्यासाठी कोणी करत नाही. तुम्ही करणाऱ्या झालात. घराच्या अंतराचं दुःख आहेच, पण त्याच्या पोटात हे दुसरं दुःख आहे आणि दोन्ही एकाच वेळी आल्यामुळे वेगळी ओळखता येत नाहीत. तुमच्याच गावात, चार गल्ल्या सोडून राहत असतात, तरी हे कधी ना कधी झालं असतं. फक्त हळूहळू झालं असतं. एका वर्षी आईने एक काम तुमच्याकडे दिलं असतं, पुढच्या वर्षी दुसरं, आणि तुम्हाला पत्ताही लागला नसता. लांब आलात म्हणून सगळा भार एकदम एकाच दिवशी अंगावर पडला.

आणि करणाऱ्या झालात तर करणारीचे अधिकारही घ्या. तुम्ही फक्त कष्ट घेतलेत. काय ठेवायचं, काय गाळायचं, हे आईने तिच्या घरात ठरवलं होतं. तुमच्या घरात ते तुम्ही दोघांनी ठरवायचं.

ते कसं? सणाच्या महिनाभर आधी एका रात्री मुलगी झोपल्यावर नवऱ्यासोबत बसा आणि तुम्ही त्या दिवशी जे जे करता ते सगळं एका कागदावर लिहून काढा. मग प्रत्येक ओळीला एक प्रश्न. बार्बरा फीझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2002 साली घराघरांतल्या रीतींवरच्या पन्नास वर्षांच्या संशोधनाचा आढावा घेतला होता. त्यात त्यांनी एक फरक केला आहे तो मला रोजच्या जगण्यात फार उपयोगी पडतो. काही गोष्टी आपण करतो कारण त्या उरकायच्या असतात, आणि काही करतो कारण आपण कोण आहोत हे त्यातून कळतं. तुमच्या कागदावरच्या प्रत्येक ओळीला हेच विचारा. ही उरकायची आहे, की हिच्यामुळे आपण आपण आहोत? माझा अंदाज, वीस ओळी असतील तर तीन-चारच दुसऱ्या प्रकारच्या निघतील. त्या ठेवा, मनापासून करा. बाकीच्यांवर काट मारा. पाप लागत नाही. पुढच्या वर्षी एखादी परत हवीशी वाटली तर परत घ्या, कागद तुमचाच आहे.

हे करताना नवऱ्याला विचारा की त्याला कशाची आठवण येते. "करूच नकोस" हे त्याचं म्हणणं तुम्हाला कोरडं वाटलेलं दिसतं. पण तुमच्या अख्ख्या पत्रात त्याच्या घरचा सण कसा असायचा याबद्दल एक ओळ नाही. तोही कोणाचा तरी मुलगा आहे आणि तोही घरापासून तितकाच लांब आहे. कदाचित त्याच्या घरची एकही गोष्ट तुमच्या त्या पहाटेच्या यादीत नाही, आणि तो सात वर्षं हे बोललेला नाही.

दिवसाचं काय करायचं? सण आठवड्याच्या मधोमध येतो, रजा नसते, आणि ज्या दिवशीचा त्या दिवशी झालाच पाहिजे असं आपल्याला वाटतं. थोडं कालगणनेकडे बघा. चंद्राच्या बारा महिन्यांचं वर्ष साधारण 354 दिवसांचं आणि सूर्याचं 365 दिवसांचं. हा अकराएक दिवसांचा फरक भरून काढायला काही कालगणना अधूनमधून एक जास्तीचा महिना घालतात. काही घालत नाहीत आणि त्यांचे सण सगळ्या ऋतूंतून फिरून येतात. माणसांनी सणाचा दिवस नेहमीच आपल्या सोयीशी आणि आभाळाशी ताडून बसवलेला आहे. मी स्वतः असं करते: ज्या दिवशी सण, त्या दिवशी एकच छोटी गोष्ट, पंधरा मिनिटांची, पण ती चुकवायची नाही. बाकीचं सगळं, माणसं बोलावणं, जेवणखाण, गप्पा, येणाऱ्या सुट्टीच्या दिवशी. पहिल्या वर्षी मला हे उष्टं वाटलं होतं. दुसऱ्या वर्षी मी त्या रविवारची वाट बघत होते.

आता मुलगी. तिच्याकडे एक काम सोपवा. तिला शोभेल असं, खोटंखोटं नको. ती नसेल तर अडेल असं. ते फक्त तिचं, दर वर्षी तिचं, कोणी आलं-गेलं तरी तिचंच. आणि तिने केल्यावर मागून जाऊन नीट करू नका. हे सगळ्यांत अवघड आहे. हात शिवशिवतील, आईचा आवाज कानात येईल, "ते डावीकडे हवं होतं गं." असू द्या उजवीकडे. ज्या वर्षी ती शेजारच्या मुलांना सांगेल, "आमच्याकडे हे मी करते," त्या वर्षी सण कोणाचा हे तिला कोणी सांगावं लागणार नाही.

फोनबद्दलही थोडं बोलायचं आहे, कारण तुमचं सगळं दुःख त्या फोनपाशी येऊन जमतं. ऐन वेळी फोन करणं बंद करा. त्या वेळी तिथे दहा माणसं एकदम बोलत असतात, आवाज तुटतो, कोणीच कोणाशी धड बोलत नाही आणि तुम्ही खिडकीच्या बाहेर उभं राहून आत बघितल्यासारख्या होता. त्याऐवजी आदल्या रात्री करा, तयारीच्या वेळी. आई काहीतरी निवडत, पुसत, आवरत बसलेली असेल. तुम्हीही तुमचं काम घेऊन बसा. फोन समोर ठेवा आणि बोलायलाच हवं असं समजू नका. ती मधेच म्हणेल, पाठ धरली बाई. तुम्ही म्हणाल, बस जरा. मग पुन्हा भांड्यांचा आवाज. मघाशी जो तिसरा प्रकार म्हटला, जो नेता येत नाही, तो याच मार्गाने थोडासा येतो. मी आणि माझी आई अशा दीड-दोन तास बसायचो. त्यात बोलणं वीस मिनिटांचं असेल.

एक व्यवहाराचं सांगते. ज्या देशांत वर्षातून दोनदा घड्याळं मागेपुढे करतात तिथे राहत असाल, तर सणाच्या आठवड्यात वेळेचा फरक पुन्हा तपासा. युरोपात मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं हलतात, अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत मार्चच्या दुसऱ्या आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी. एका वर्षी हे माझ्या ध्यानात आलं नाही. माझे वडील तासभर फोनसमोर नवा सदरा घालून बसून राहिले, आणि मला ते पुढे कित्येक महिन्यांनी दुसऱ्या कोणाकडून कळलं. अजून आठवलं की जीव तुटतो.

माणसं बोलवा. तुमच्यासारखीच लांब आलेली, किंवा इथलीच पण एकटी असलेली. घरच्यांची जागा ती घेणार नाहीत, तशी अपेक्षा ठेवू नका आणि त्यांना सणाची माहिती सांगत बसू नका. नुसतं जेवायला बोलवा. पहिल्यांदा अवघडलेपण असेल, तिसऱ्या वर्षी कोणीतरी उशिरा येऊन "अजून सुरू नाही केलं?" म्हणेल.

आता वहिनी. तिचं बोलणं तुम्हाला लागलं, मला ते पत्रात दिसलं. पण ती खरं बोलली. तुमच्या आठवणीतलं सगळं आज ती करते, आणि दर वर्षी संध्याकाळी तुमचा फोन आला की सगळं घर फोनभोवती जमतं, लांबच्या लेकीचं कौतुक करतं, आणि जी दिवसभर उभी असते ती फोन धरून उभी राहते. त्या घरातला सण आता तिच्या हातचा आहे. म्हणून तिकडे काय कसं असायला हवं याबद्दल सूचना नकोत, "आमच्या वेळी असं नव्हतं" हे तर चुकूनही नको. तिने काय नवं सुरू केलं ते तिला विचारा. तिला वेगळा फोन करा, आईच्या फोनवरून "वहिनीला दे" असा नको. आणि पुढच्या वेळी सणाला घरी जाल तेव्हा पाहुणी म्हणून जाऊ नका. दोन दिवस आधी पोचा, सगळं काम अंगावर घ्या आणि तिला माहेरी पाठवा. तिलाही माहेर आहे, तिचीही आई तिकडे म्हणत असेल, तू नाहीस तर सणात राम नाही.

राहिली तुमची आई, आणि तिला काय सांगायचं.

"तू नाहीस तर काही राम नाही" हे वाक्य तुम्ही तक्रारीसारखं ऐकता आणि त्याचं उत्तर म्हणून पहाटे चारला उठता. पॉलिन बॉस या अमेरिकी अभ्यासकांनी 1970 च्या दशकात एका प्रकारच्या दुःखाचा अभ्यास सुरू केला: माणूस गेलेलं नसतं, पण जवळही नसतं. व्हिएतनाम युद्धात बेपत्ता झालेल्या सैनिकांच्या घरच्यांपासून त्यांचा अभ्यास सुरू झाला. तुमचं त्याच्याइतकं भयंकर नाही, उघडच आहे. फोन आहे, येणंजाणं आहे. पण त्या दुःखाची एक खूण इथेही लागू पडते. गेलेल्या माणसासाठी रडता येतं, लोक येऊन बसतात. सुखात असलेल्या, हसून फोन करणाऱ्या लेकीसाठी आईने कोणासमोर रडायचं? मग ती एवढंच म्हणते, राम नाही. ती तुमच्याकडून काही मागत नसते, तिला तेवढंच बोलता येतं. त्यावर समजूत घालू नका, पुढच्या वर्षीची वचनं देऊ नका. "मलाही तुझ्याशिवाय करमत नाही" म्हणा. एवढं खरं बोलून तुम्ही दोघी शेवटच्या कधी थांबल्या होतात?

आणि तिला एक प्रश्न विचारा. मी माझ्या आईला तो विचारायला अकरा वर्षं लावली.

आमच्या घरी एक पद्धत होती. सणाच्या रात्री सगळं आटोपलं, पाहुणे गेले, की घरातले सगळे दिवे मालवायचे आणि दाराबाहेरच्या पायरीवर येऊन बसायचं. कोणी बोलायचं नाही. थोड्या वेळाने आजी "चला" म्हणायची आणि सगळे आत. मला वाटायचं पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय, याला काहीतरी अर्थ असणार. परक्या गावात चौथ्या मजल्यावर मला पायरी नव्हती, म्हणून मी दिवे मालवून जिन्यात जाऊन बसायची, आणि जिन्यातला दिवा कोणी आलं की आपोआप लागायचा, तेव्हा मला भारी अपराधी वाटायचं, आपण परंपरा मोडली म्हणून. अकराव्या वर्षी आदल्या रात्रीच्या फोनवर, दोघी काम करत असताना, मी सहज विचारलं, "आई, तुझा या घरातला पहिला सण कसा गेला गं?"

ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, नवी नवरी होते, दिवसभर हसत होते, रात्री सगळे झोपले असं वाटल्यावर अंधारात पायरीवर जाऊन रडत बसले. माझ्या आईकडे या वेळी काय चाललं असेल ते आठवत होते. तेवढ्यात तुझी आजी आली. मला वाटलं आता बोलणी बसणार. ती शेजारी बसली. काही विचारलं नाही, पाठीवर हातही ठेवला नाही, नुसती बसली. मग म्हणाली, "चला." पुढच्या वर्षी सगळं आटोपल्यावर तिनेच दिवे मालवले आणि मला हाक मारली. मग एका वर्षी तुझे बाबा येऊन बसले, कशाला बसायचं ते न कळताच. मग तुम्ही मुलं.

तुमच्या आईकडे असं काय आहे, मला ठाऊक नाही. पण तीही कधीतरी कोणाची तरी दूरची लेक होती आणि तिने एका परक्या घरात पहिल्यांदा सण काढलाय. यंदा आदल्या रात्री फोन कराल तेव्हा तिला ते विचारा. घाई करू नका, ती गप्प बसली तर बसू द्या. आणि मुलगी अजून जागी असेल तर तिला झोपायला पाठवू नका, मांडीवर घेऊन ऐकू द्या.

तुमची,
ताई